चित्र येत नाही? मग लिनो येईल

इंदूरच्या पलासियात राहणाऱ्या माणसावर छंद असण्याची सक्ती नाही. छप्पन दुकान ही खाऊगल्ली हाकेच्या अंतरावर असताना आणखी कशात जीव रमवावा असे सहसा कुणाला वाटत नाही, आणि तिथली संध्याकाळची गर्दी पाहिली की इथल्या नागरिकांनी आपला छंद पूर्वीच निवडून ठेवला आहे हे मान्य करावे लागते. तरीही दरवर्षी काही माणसे निवृत्त होतात, काहींची मुले शिकायला पुण्याला निघून जातात, काहींचे गोड आणि तळलेले डॉक्टर बंद करतात (पलासियात डॉक्टरही छप्पनहून कमी नसावेत), आणि 'आता काहीतरी करायला हवं' हे वाक्य घरात वारंवार ऐकू येऊ लागते. पहिली धाव जलरंगांकडे जाते. पेटी येते, जाड कागद येतो, राजवाडा काढायला घेतला जातो. सातवा मजला चौथ्यापेक्षा रुंद होतो, आभाळ ओघळून खजुरी बाजारात उतरते, आणि यथावकाश पेटी माळ्यावर जाऊन निकाल जाहीर होतो की आपल्या हातात चित्रकला नाही. माझे म्हणणे असे की हा निकाल बहुतेक वेळा बरोबर असतो, शिक्षा तेवढी चुकीची असते. अशा माणसाने लिनो कोरावा. चित्र न येणे ही त्या कामातली अडचण तर नव्हेच, मी तिला जवळजवळ पात्रता म्हणेन.

लिनोलियम हे मुळात घरात जमिनीवर अंथरायचे आवरण. रंगाच्या उघड्या डब्यात जवसाच्या तेलावर चिवट साय धरते हे फ्रेडरिक वॉल्टन नावाच्या इंग्रज गृहस्थाच्या लक्षात आले, आणि १८६३ मध्ये त्याने लिनोलियमचे पेटंट घेतले. हवेने घट्ट झालेले जवसाचे तेल, राळ, बुचाचा आणि लाकडाचा भुसा एकत्र मळून तागाच्या कापडावर थापायचा, असा तो साधारण प्रकार. ज्या जवसाची आपण चटणी करतो त्याची इंग्रजांनी जमीन केली. पुढे शंभरेक वर्षांनी प्लॅस्टिकच्या जमिनी आल्या आणि घरोघरचे लिनोलियम गुंडाळले गेले. पण त्याच्या कितीतरी आधी चित्रकारांना शोध लागला होता की या मालाला लाकडासारखे रेषे नसतात, त्यामुळे पाते कुठल्याही दिशेने सारखेच चालते. तुकड्यावर चित्र उतरवायचे, जिथे पांढरे हवे तिथला भाग कोरणीने काढून टाकायचा, उरलेल्या उंच भागावर रुळाने शाई फिरवायची, वर कागद ठेवून चमच्याच्या पाठीने घासायचे आणि कागद एका कोपऱ्यातून हलकेच उचलायचा. काम एवढेच. कोरले ते पांढरे, राहिले ते काळे. छायाप्रकाश, रंगांचे मिश्रण, ब्रशचा हलका हात, ज्या ज्या विषयांत आपण नापास झालो ते सगळे या अभ्यासक्रमातून वगळलेले आहेत.

हे वगळणे फार महत्त्वाचे आहे, म्हणून त्यावर थोडे रेंगाळतो. पेन्सिल हातात असली की माणसापुढे हजार पर्याय असतात: रेघ गडद की फिकट, जाड की बारीक, इथे थांबावे की आणखी थोडे घासावे. ज्याला जमते त्याच्यासाठी ही चैन आहे, ज्याला जमत नाही त्याची हजार ठिकाणी फजिती आहे. लिनो दर ठिकाणी एकच प्रश्न विचारतो: ठेवायचे की काढायचे? त्यातही निम्मे निर्णय कोरणीच घेऊन टाकते, कारण 'व्ही' आकाराच्या पात्याची रेघ सुरुवातीला निमुळती, मधे भरदार आणि शेवटी पुन्हा निमुळती अशीच उमटणार. तुम्ही बुजरे असा की बेफिकीर. शिवाय पाहणाऱ्याचे मन मोठे होते ते वेगळेच. जलरंगात नाक वाकडे झाले तर पाहुणे विचारतात, 'नाक वाकडं झालंय का?' तेच नाक काळ्या शाईत ठशातून उमटले की तेच पाहुणे दोन पावले मागे सरतात आणि 'रेषेत काय जोर आहे' म्हणतात. मोकळ्या राहिलेल्या जागेत कोरणीच्या फराट्यांचे जे बारीक कंगोरे नकळत छापले जातात, त्यांना तर जाणकार लोक पोत म्हणतात. जिथे नवशिक्याच्या निष्काळजीपणालाही नाव आणि मान आहे असे क्षेत्र राजकारण सोडले तर मला दुसरे माहीत नाही.

यावर तातडीने आक्षेप येतो, आणि तो बिनतोड वाटतो. लिनो ज्यांनी गाजवला ते काय चित्र न येणारे होते? नंदलाल बोस, चित्तप्रसाद, पिकासो! ही तीन नावे घेतल्यावर माझ्या दाव्याने खाली मान घालून निघून जावे अशी अपेक्षा असते. पण जरा त्यांची कामे पाहा. नंदलालांचे 'बापूजी' १९३० सालचे, दांडीयात्रेच्या दिवसांतले. काळ्या जमिनीवर मोजक्या पांढऱ्या रेघा, हातात काठी, पुढे पडलेले पाऊल. मागे समुद्र नाही, सत्याग्रही नाहीत, मिठाचा कणही नाही. गर्दीने भरलेले अख्खे दृश्य ज्याला सहज काढता आले असते, त्या माणसाने ते सगळे गाळले. त्याच साली रवींद्रनाथांच्या 'सहज पाठ' या मुलांच्या पाठ्यपुस्तकासाठीही त्यांनी लिनोचीच चित्रे केली. चित्तप्रसाद १९४६ नंतर मुंबईत, अंधेरीत राहिले. राबणाऱ्या मुलांची त्यांची लिनोचित्रे पाहिली की कळते, बिडी वळणाऱ्या किंवा ओझे उचलणाऱ्या पोराभोवती काळोख जमवायला यापेक्षा स्वस्त आणि नेमके साधन त्यांना मिळाले नसते. आणि पिकासो फ्रान्सच्या दक्षिणेला वालोरिस गावात लिनोकडे वळला तो सत्तरी ओलांडल्यावर, १९५४ च्या सुमाराला, गावातल्या मातीकामाच्या प्रदर्शनांची आणि बैलझुंजींची भित्तिपत्रके करायला म्हणून. पलासियातल्या निवृत्त मंडळींनी ही तारीख लिहून ठेवावी. तर मुद्दा असा की या थोरांना सगळे येत होते आणि ते लिनोकडे आले ते गाळण्यासाठी. त्यांनी जे विवेकाने गाळले ते आपल्याकडून सक्तीने गाळले जाते, कारण आपल्याला ते काढताच येत नाही. दोघांच्या फळात फरक असणारच. नंदलाल ते नंदलाल. पण तैलरंगात थोर आणि नवशिका यांच्यामध्ये जे अंतर पडते त्या मानाने इथले अंतर सुसह्य आहे, एवढे म्हणायला हरकत नाही.

दुसरा आक्षेप प्रतिष्ठेचा असतो: हे शाळेतले काम आहे, बटाटा नि भेंडी कापून ठसे मारण्याच्या शेजारचे. हा आक्षेप खरा आहे आणि माझ्या बाजूचा आहे. व्हिएन्नामध्ये फ्रान्झ चिझेक नावाचे चित्रकलाशिक्षक होते. मुलांनी मोठ्यांची नक्कल करू नये म्हणून ते त्यांच्या हाती साधी साधने देत, आणि त्यांत लिनोही होता. त्यांच्याकडून स्फूर्ती घेऊन क्लॉड फ्लाइटने १९२० च्या दशकाच्या अखेरीस लंडनच्या ग्रोव्हनर स्कूलमध्ये प्रौढांना लिनो शिकवला. त्याच्या शिष्यांनी आगगाड्या, मोटारींच्या शर्यती, धावती गर्दी असे विषय घेतले, आणि त्यांच्या प्रती आज मोठमोठ्या संग्रहालयांत आहेत. फ्लाइटचा आग्रह मात्र असा की लिनोचे चित्र सामान्य माणसाला सिनेमाच्या तिकिटाच्या किमतीत मिळावे. म्हणजे हा माल जन्मला जमिनीवर, वाढला बालवर्गात, विकायचा होता तिकिटाच्या दरात. ज्याच्या वंशावळीत मिरवण्यासारखे काहीही नाही त्याच्यासमोर आपला न्यूनगंड फार वेळ टिकत नाही.

न्यूनगंडाचा विषय इंदूरच्या मराठी घरांत जरा नाजूक आहे. दत्तात्रय दामोदर देवळालीकरांनी इथली चित्रशाळा सुरू केली ती १९२७ मध्ये. नारायण श्रीधर बेंद्रे इथले, डी. जे. जोशी इथले, हुसेन यांचे पहिले धडे इथले. बेंद्रे १९५० मध्ये बडोद्याला गेले आणि तिथे त्यांच्या हाताखाली शिकलेले ज्योती भट्ट पुढे मुद्राचित्रणात देशभर नावाजले गेले, तेव्हा ठशांच्या विद्येचा एक धागासुद्धा फिरून इंदूरलाच येतो. या सगळ्याचा परिणाम असा की आजोबा देवळालीकर मास्तरांकडे शिकत होते असे सांगणारी घरे या शहरात इतकी आहेत की ती सगळी खरी मानली तर चित्रशाळेला राजवाडाही पुरला नसता. अशा घरातला नातू कागदापुढे बसला की पूर्वज मागून पाहताहेत असे त्याला वाटते आणि हात थरथरतो. 'देवळालीकरांच्या शहरात तुम्ही चित्र न येणाऱ्यांची भरती करता?' असे कुणी मला रागाने विचारले तर मी विष्णू चिंचाळकर गुरुजींकडे बोट दाखवीन. तेही याच शहराचे आणि याच परंपरेचे. पडलेले पान, वाळकी फांदी, कुणी टाकून दिलेली मोडकी वस्तू हातात घेऊन तीत दडलेली आकृती दाखवण्यात त्यांचे आयुष्य गेले. वस्तूत आधीच काय आहे ते बघायचे आणि तिला फार छेडायचे नाही, ही दृष्टी लिनो कोरणाऱ्याला आरेखनाच्या चार परीक्षांपेक्षा जास्त उपयोगी पडते.

कुणी म्हणेल, ठसेच हवेत तर जवळ धार जिल्ह्यात बाग हे गाव आहे, तिथल्या सागवानी ठोकळ्यांची आणि तुरटी-लोखंडाच्या रंगांची परंपरा सोडून हा विलायती जवस कशाला? उत्तर सोपे आहे. बागेच्या कामात ठोकळा कोरणारा हात आणि कापडावर छापणारा हात बहुधा वेगवेगळे असतात, आणि दोन्ही हात पिढ्यान्पिढ्या तयार झालेले असतात. सागवानावर नवशिक्याने कोरणी चालवली तर सागवान जिंकते. बागेची चादर विकत घ्यावी, अंथरावी, आणि तिच्या किनारीकडे बघत लिनो कोरायला बसावे.

खरा त्रास अक्षरांचा. ठशात सगळे उलटे कोरावे लागते, आणि देवनागरी उलटी लिहिणे हा मनुष्यस्वभावाविरुद्धचा व्यायाम आहे. शिरोरेषा बिचारी सरळ असते, 'ठ' दोन्हीकडून 'ठ'च राहतो, पण बाकीची वर्णमाला बंड करते. ऱ्हस्व वेलांटीची दीर्घ होते, दीर्घाची ऱ्हस्व होते, आणि 'शुभ दीपावली' कोरणाऱ्याला छापल्यावर कळते की शुद्धलेखन आरशातही तपासायला हवे होते. आकड्यांत गंमत अशी की ३ आणि ६ ही एकमेकांची आरशातली रूपे, त्यामुळे ३६ उलटा केला तरी ३६च उमटतो. छत्तीसचा आकडा कुठूनही पाहिला तरी छत्तीसचाच. ज्यांच्या घराचा क्रमांक ३६ किंवा ६३ आहे त्यांनी दारावरच्या पाटीचा ठसा बिनधास्त सुलटा कोरावा. ५६ मात्र आरशात पाहिला तर आधी ३ दिसतो आणि पुढे कुठल्याच लिपीत नसलेला एक आकडा, तेव्हा छप्पन दुकानाच्या चाहत्यांनी सावध असावे. उपाय अगदी साधा आहे: बटर पेपरवर सुलटे लिहायचे, कागद पालथा घालून लिनोवर ठेवायचा आणि कार्बनने गिरवायचे. तरीही ज्याला हे जाचक वाटेल त्याने १८०५ आठवावे. त्या साली मिरजेत पटवर्धनांच्या आश्रयाने तांब्याच्या पत्र्यांवर कोरून भगवद्गीता छापली गेली. सातशे श्लोक उलटे! त्या कारागिराने 'कर्मण्येवाधिकारस्ते' नुसते वाचले नव्हते, उजवीकडून डावीकडे भोगले होते.

साहित्याबद्दल एकच इशारा देतो. छंदाची सुरुवात खरेदीने होते आणि बहुतेकांचा छंद तिथेच संपतो. फ्लाइट तर छत्रीच्या काडीपासून केलेल्या कोरणीनेही काम भागते म्हणे. इतके काटकसरीचे होण्याची गरज नाही, पण एक 'व्ही', एक 'यू' आणि एक छोटा रूळ एवढ्यावर वर्ष निघते. दाबयंत्र नको. घासायला लाकडी चमचा घरात असतो, शाई पसरायला जुन्या खिडकीची काच चालते. शाई मात्र पोह्यांवरच्या जीरावनासारखी, बेताने. ढीगभर शाई चोपडली की बारीक रेघा बुजतात आणि सगळ्या मेहनतीचा एकच काळा चौकोन उमटतो. रूळ काचेवर फिरताना चिकट, सुरसुरता आवाज आला की प्रमाण जमले. जानेवारीच्या थंडीत लिनो ताठरतो आणि पाते घसरते, म्हणून तो आधी गच्चीवरच्या उन्हात ठेवावा; मे महिन्यात तर कुरडयांच्या शेजारी त्यालाही जागा मिळू शकते. पावसाळ्यात तेलाची शाई दिवसेंदिवस वाळत नाही, तेव्हा दिवाळीची शुभेच्छापत्रे करायची असतील तर घाई नवरात्रातच करावी. ही शाई पुसायला रॉकेल लागत नाही, खाद्यतेलाने निघते, आणि कुठल्याही इंदुरी घरात तळणीचे उरलेले तेल ही दुर्मीळ वस्तू नाही.

स्वच्छतेचा मुद्दा निघालाच आहे तर एक नागरी प्रश्न. २०१७ पासून देशातले सर्वांत स्वच्छ शहर म्हणून ज्याचे नाव लागत आले, त्या शहरात लिनोच्या कोरलेल्या ढलप्या कुठल्या डब्यात टाकायच्या? जवसाचे तेल, बूच, लाकूड, राळ, ताग, म्हणजे पदार्थ बव्हंशी वनस्पतिजन्य; तरी तो ओला म्हणावा असा ओला नाही आणि सुका म्हणावा तर त्यात तेल आहे. बाजारात हल्ली लिनोच्या नावाखाली जो मऊ, रबरी तुकडा मिळतो तो पुन्हा प्लॅस्टिकच्या जातीचा. सकाळी घंटागाडीशी उभे राहून ही चर्चा सुरू केली तर पलासियात वाहतूक अडेल. माझे मत सुक्याच्या बाजूने आहे.

शेवटचा आक्षेप सर्वांत आधुनिक: घरात प्रिंटर असताना हाताने प्रती कशाला काढायच्या? कारण प्रिंटरच्या प्रतीवरून नात्यात भांडण होत नाही. लिनोच्या प्रतीखाली पेन्सिलीने अपूर्णांक लिहायची रीत आहे: ३/१५ म्हणजे पंधरांतली तिसरी. हा आकडा गुणवत्ता सांगत नाही, सगळ्या प्रती सारख्याच मानाच्या. पण हे देवासच्या आत्याला पटवून पाहा, जिला ११/१५ मिळाली आणि जिच्या ग्वाल्हेरच्या जावेला १/१५. पंधरा ओळखीच्या घरांत लोक आपल्या चित्राच्या क्रमांकावरून रुसतील हे भाग्य जलरंगवाल्याला कधी लाभत नाही. शिवाय पिकासोने गाजवलेली एकाच तुकड्याची पद्धत आहे. आधी फिकट रंग छापायचा, मग त्याच तुकड्याचा आणखी भाग कोरून त्याच कागदांवर पुढचा गडद रंग, असे करत जायचे. चित्र पुरे होते तेव्हा तुकडा संपलेला असतो. सोळावी प्रत मागणाऱ्याला तो रिकामा तुकडा दाखवून नाही म्हणता येते. मराठी माणसाला नातेवाइकांना नाही म्हणण्याची इतकी सभ्य सोय दुसऱ्या कुठल्याही कलेने करून दिलेली नाही.

तेव्हा माळ्यावरची पेटी तिथेच राहू द्या. पोस्टकार्डाएवढा तुकडा घ्या, विषय सोपा घ्या, एकच रंग ठेवा आणि तो काळा ठेवा. कोरताना दुसरा हात कायम पात्याच्या मागे असू द्या. आणि पहिल्या पाच प्रती कुणालाही दाखवू नका, विशेषतः ज्यांचे आजोबा देवळालीकर मास्तरांकडे शिकत होते त्यांना.